गणपतीआधीचा रंग आणि ओली भिंत

नारळी पौर्णिमा झाली की कोकणात तालुक्याच्या गावी हार्डवेअरच्या दुकानांत गर्दी होते. चाकरमानी यायच्या आत घर रंगवून व्हायला हवं, गणपती बसतो त्या भिंतीला तर नवा हात हवाच. दुकानदार शेड कार्ड पुढे करतो, लिंबाचा पिवळा घ्यावा की मोरपिशी यावर घरातली मंडळी बोलतात, यंत्रावर डबा घुसळला जातो आणि तासाभरात सामान रिक्षात चढतं. भिंत चिऱ्याची आहे की सिमेंटची, कोरडी आहे की ओली, हे तेवढ्या वेळात कुणी विचारत नाही. दिवाळीपर्यंत त्याच भिंतीला तळहाताएवढे फुगे येतात. नखाने टोचलं की आत ओल लागते आणि रंगाचा पापुद्रा सायीसारखा हातात येतो.

मग पेंटरला बोल लागतो, नाहीतर डब्यावरच्या कंपनीला. चूक बहुतेक वेळा त्याआधीच झालेली असते.

रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्याचा चिरा मुळातच सच्छिद्र. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी भिंतीत दोन-तीन फूट सहज चढतं. गणपती ऑगस्टच्या अखेरीस येवोत की सप्टेंबरात, तेव्हा भिंत पाणी पिऊन बसलेली असते. तिच्यावर प्लास्टिक इमल्शनचे दोन हात मारले की पृष्ठभागावर सलग पातळ पडदा तयार होतो. आतलं पाणी क्षार घेऊन बाहेर यायला बघतं, पडद्याशी अडतं. पाणी सुकताना क्षारांचे स्फटिक होतात आणि ते रंगाला मागून ढकलत राहतात. गावात याला लोणा लागला म्हणतात. वरून महागातला महाग रंग लावला तरी लोणा थांबत नाही.

पण हाच पाऊस, हाच चिरा आणि हाच सण असताना दोन पिढ्यांपूर्वी लोक श्रावण-भाद्रपदातच घर रंगवत होते आणि त्यांचं जमत होतं. कारण हातात चुना होता. कळीचा चुना पिंपात टाकून वर पाणी ओतलं की तो फुसफुसत उकळायचा. मुलांना लांब उभं करायचे, कारण एक थेंब डोळ्यात गेला तरी धोका. चुना रात्रभर मुरला की फडक्यातून गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. ब्रशने पातळ हात मारला की भिंत आधी मळकट राखाडी दिसायची आणि सुकेल तशी पांढरी होत जायची. खालच्या पट्ट्याला गेरू.

या जुन्या पद्धतीमागे पक्कं रसायनशास्त्र आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो आणि त्यासाठी त्याला ओलसरपणा लागतोच. म्हणून ओलसर भिंत चुन्याला चालते. त्याचा थर सच्छिद्र राहतो, आतली वाफ बाहेर पडते. तो तीव्र अल्कधर्मी असल्याने ताज्या हातावर बुरशी तग धरत नाही. उणीवही खरी आहे: टेकलं की कपड्याला लागतो, पावसाचा मारा असलेल्या भिंतीवरून धुपतो, दरवर्षी नवा हात मागतो. पण दरवर्षी गणपतीला घर रंगवायचंच आहे, तर ही उणीव कोकणी घराला कितीशी अडचणीची?

सिमेंटच्या घराची गोष्ट वेगळी आणि तिथे चुन्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. चांगला ॲक्रिलिक एक्स्टिरियर रंग सिमेंटच्या बाहेरच्या भिंतीचं पावसापासून उत्तम रक्षण करतो, मात्र भिंत सुकलेली हवी. नव्या गिलाव्याला निदान 28 दिवस तरी द्यायला हवेत. ताजा गिलावा इतका अल्कधर्मी असतो की तेली रंगाचा तो अक्षरशः साबण करून टाकतो. आतल्या वापराची ॲक्रिलिक पुट्टी बाहेर लावली तर पहिल्याच पावसात ती मऊ पडते. बाहेर पांढऱ्या सिमेंटची पुट्टीच हवी. गच्ची गळत असेल, छज्ज्याला भेग असेल, तर आधी ते काम करावं. गळती तशीच ठेवून केलेली रंगाची प्रत्येक निविदा, गावातली असो की मुंबईतल्या सोसायटीची, सभासदांचे पैसे पाण्यात घालते.

भिंत कोरडी आहे का, हे बघायला उपकरण लागत नाही. दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावं. आतून थेंब जमले असतील तर डबा उघडू नये.

दारं-खिडक्यांबाबत एक गोष्ट मुलाबाळांच्या घरात कळायलाच हवी. घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या तेली रंगात शिसं असू शकतं. जुनी खिडकी कोरडीच पॉलिश पेपरने घासली की ती धूळ घरभर बसते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणून पाणी मारून घासावं, मुलांना त्या दिवशी शेजारी ठेवावं आणि फरशी ओल्या फडक्याने पुसावी.

शेणापासून केलेला रंग खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने जानेवारी 2021 मध्ये बाजारात आणला. तशीच आस्था चुन्याला मिळायला हवी. आयटीआयमधल्या मुलांना रोलरबरोबर चुना मुरवणंही शिकवलं, तर जांभ्याच्या हजारो घरांना माहीतगार हात मिळतील. आज गावात चुन्याचं काम येणारा माणूस शोधावा लागतो, आणि सापडला तर तो सत्तरीचा असतो.

चाकरमानी मे महिन्यातही गावी येतात. तेव्हा भिंती तापलेल्या, खणखणीत कोरड्या असतात. प्लास्टिक पेंट लावायचाच असेल तर तो तेव्हा, पहिल्या पावसाच्या आत लावावा. आणि भाद्रपदात गणपतीमागच्या चिऱ्याच्या भिंतीवरचा जुना प्लास्टिक रंग पत्र्याने गिलाव्यापर्यंत खरवडून काढावा, कारण त्याच्यावर चुना धरत नाही. मग नीळ घातलेल्या चुन्याचे दोन पातळ हात द्यावेत, पहिला सकाळी आणि दुसरा दुसऱ्या दिवशी.