घर टिकवण्याचा धडा फक्त मुलींनाच का?

मागच्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात तुटणाऱ्या घरांवर बयान झालं. वेळ दुपारी तीनची. पत्रकाखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सिर्फ ख्वातीन के लिए’. माझ्या दहावीच्या वर्गातल्या मुली गेल्या. मुलं त्या वेळी मैदानात क्रिकेट खेळत होती. दुसऱ्या दिवशी मी मुलींना विचारलं, काय शिकलात? एक म्हणाली, “सर, सब्र.”

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. सब्र चांगली गोष्ट आहे, पण ती एकट्या मुलींच्या अभ्यासक्रमात का?

मौलाना अशरफ अली थानवी यांचं ‘बहिश्ती जेवर’ आपल्याकडे अजूनही नवरीच्या जहेजमध्ये दिलं जातं. त्याच पुस्तकाला पुरुषांसाठी ‘बहिश्ती गौहर’ नावाची पुरवणी आहे. ती कुणा नवरदेवाला दिलेली मी पाहिली नाही. मला लग्नात घड्याळ आणि सूट मिळाला. काझींनी मेहरची रक्कम वाचली, मी ‘कुबूल’ म्हणालो. ती रक्कम बायकोच्या हातात पडायला नऊ वर्षं लागली. मागायची तिला लाज वाटत होती, आणि ते कर्ज आहे हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बीएड झालेल्या माणसाची ही गोष्ट.

अमेरिकेत युटा राज्यातल्या प्रोव्हो शहरात मॉर्मन चर्चचं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आहे, १८७५ साली सुरू झालेलं. तिथं कुटुंबजीवन हा पदवीचा विषय आहे. त्या चर्चने १९९५ साली कुटुंबाविषयी जाहीरनामा काढला. त्यात बापाने घराचं नेतृत्व करावं आणि आईने मुलं वाढवावीत, अशी कामांची वाटणी आहे. ती मला पटत नाही. पण एक गोष्ट त्यांना कळली: धर्माने घर जपायला सांगितलं असेल, तर ते कसं जपायचं हे वर्गात बसून शिकावं लागतं, आणि त्या वर्गात मुलगेही बसतात.

लांबचं उदाहरण नको असेल तर मलेशिया पाहा. तिथं मुस्लिम जोडप्याला निकाहआधी अभ्यासवर्ग करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. नवरदेवालाही.

कुणी म्हणेल, घर बाईच सांभाळते, म्हणून तिला शिकवायचं. ठीक. पण आपल्या फिकहनुसार मेहर कोण देतो? खर्च कुणाच्या माथी? तलाकचा अधिकार कुणाकडे? तिन्ही उत्तरं एकच. म्हणजे स्टिअरिंग ज्याच्या हातात, त्याला मोकळं सोडून आपण मागच्या सीटवर बसलेल्या बाईला सांगतो, नीट बस, गाडी उलटेल!

२०१७ साली सुप्रीम कोर्टाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. तेव्हा आपण मोर्चे काढले, आमच्या घरात हस्तक्षेप नको म्हणालो. मीही त्यात चाललो. त्या कायद्याबद्दलचे माझे आक्षेप आजही कायम आहेत. पण आपल्या मुलांना तलाकची कुरआनी रीत आपणच शिकवली असती, तर निम्मा वाद उभाच राहिला नसता. सूरह निसामध्ये भांडण मिटवायला दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमायला सांगितलं आहे. किती नवरदेवांना हे ठाऊक आहे?

माझं मागणं मोठं नाही. निकाहआधी मुलगा-मुलगी दोघांनाही निकाहनामा वाचून समजावून सांगा. मेहर, घरखर्च आणि मध्यस्थी यांवर एकेक तास द्या. नवऱ्याने दोन वर्षं खर्च दिला नाही, तर १९३९ च्या कायद्याने बायको कोर्टातून विवाह रद्द करून घेऊ शकते, हेही दोघांना सांगा.

आणि पुढचं बयान दुपारी तीनला नको. जुम्म्याच्या नमाजनंतर ठेवा. मुलं तिथं आलेलीच असतात.