वर्गणी कोणाच्या पदरात?

संगीतसेवेची मासिक वर्गणी मी बंद केली, ती केवळ काटकसर म्हणून नव्हे. अशा बहुतेक सेवांत सर्वांची वर्गणी एकत्र करून एकूण श्रवणसंख्येच्या प्रमाणात वाटली जाते. साहजिकच महिनाभर केवळ ख्याल ऐकणाऱ्याचे पैसेही बहुतांशी लोकप्रिय चित्रपटगीतांकडे वळतात. स्पॉटिफायने तर २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणांना स्वामित्वधन देणेच थांबविले. शिवाय वर्षानुवर्षे वर्गणी भरूनही एकही ध्वनिमुद्रण आपल्या मालकीचे होत नाही. त्यापेक्षा तीच रक्कम मैफलीच्या तिकिटासाठी वा कलावंताकडूनच घेतलेल्या ध्वनिमुद्रिकेसाठी खर्चावी. रोजच्या श्रवणाला आकाशवाणी आहेच. सोय थोडी घटेल. पण ज्याचे गाणे ऐकले, त्याच्याच पदरात आपला रुपया पडेल.