दानाआधी कर्तव्य

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी रसायनांच्या कारखान्यात स्फोट होऊन १२ माणसे गेली. २३ मे २०२४ रोजी तेथेच दुसऱ्या कारखान्यात तोच प्रकार घडला. पोटासाठी गेलेले मजूर दोन्ही वेळी बळी पडले.

सन २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांस मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्यातून २ टक्के रक्कम समाजकार्यास लावणे भाग आहे. त्यात आसपासच्या गावांस अग्रक्रम द्यावा, असेही सांगितले आहे. हे चांगलेच झाले. आम्ही शाळामास्तर, बाकांची गरज आम्हांस ठाऊक आहे. परंतु बाके दिली म्हणजे नाल्यात विष सोडण्याची मुभा मिळाली काय? मजुराचा जीव जपणे हा निराळ्या कायद्यांचा हुकूम आहे. तो खर्च या २ टक्क्यांत धरता येत नाही.

ठाण्याचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली, ती हक्क म्हणून. भीक म्हणून नव्हे. बंधुभगिनींनो, देणगी जरूर घ्या, पण देणाऱ्यास आधी विचारा : तुमच्या कारखान्यात काय साठविले आहे, आणि आग लागल्यास आमची मुले कोणत्या वाटेने पळतील?