भांड्यांचे यंत्र घेतले, पण गाळणी कोण धुणार?



गेल्या महिन्यात ताईच्या घरी जाणे झाले. दोन वर्षांपूर्वी भाच्याने मोठ्या हौसेने हप्त्यावर डिशवॉशर घेतला होता. हेतू चांगला होता. ताईने उभी हयात चार घरची भांडी घासण्यात काढली. तिची बोटे आजही थंडीत फुटतात. आता तरी तिचा हात राखेत-साबणात जाऊ नये, आणि नोकरी करणाऱ्या सूनबाईलाही रात्री अर्धा तास टेकायला मिळावे, असे त्याला वाटले. पण मी गेलो तेव्हा ताई मोरीत बसून भांडीच घासत होती आणि यंत्रात पापडाचे डबे ठेवलेले होते! विचारले तर म्हणाली, "अरे, भांड्यांना वास येतो, पेले पांढरे पडतात. दुरुस्तीवाला म्हणतो पंप बदला, हजारो रुपये लागतील. त्यापेक्षा माझे हात बरे."

मी काही यंत्रांचा जाणकार नव्हे, कचेरीत जमाखर्च लिहिणारा माणूस. परंतु माहितीपुस्तिका वाचता येते. ती तर पिशवीतून बाहेरही निघाली नव्हती! ती उघडून आम्ही मामा-भाचे कामाला लागलो. आधी बटण बंद करून प्लग काढला. आतली खालची जाळी बाहेर ओढली आणि तळाची गाळणी डावीकडे फिरवून उचलली. भाताची शिते, कढीपत्ता, मोहरी आणि तुपाचा चिकट थर यांनी ती पार बुजलेली. मिठाची टाकी कोरडी. सगळे साफ करून, मीठ भरून यंत्र चालवले, तर पंप ठणठणीत होता.

म्हणून ज्यांच्या घरी हे यंत्र आहे किंवा येणार आहे, त्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट गाळणीची. यंत्र तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा भांड्यांवर मारते. गाळणी तुंबली की खरकटे पाणीच फिरत राहते. म्हणून आठवड्यातून एकदा ती नळाखाली जुन्या टूथब्रशने धुवावी. खळग्यात काचेचा तुकडा असू शकतो, तेव्हा हात जपून घालावा. गाळणी परत घट्ट बसली की नाही ते पाहावे. भांडी विसळून लावण्याची गरज नसते; पण खरकटे आधी डब्यात काढलेच पाहिजे.

दुसरी फवाऱ्यांची. पाणी मारणाऱ्या फिरत्या पात्यांची भोके महिन्यातून एकदा काडीने मोकळी करावीत. भांडी लावल्यावर पाते हाताने फिरवून बघावे. एखादा लांब चमचा आडवा आला की ते अडते आणि अर्धी भांडी तशीच राहतात.

तिसरी मिठाची. बोअरचे आणि टँकरचे पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षार काढणारा भाग यंत्रात असतो आणि मीठ त्याला पुन्हा ताजेतवाने करते. येथे खाण्याचे बारीक मीठ चालत नाही, यंत्रासाठीचे जाडे मीठच वापरावे. पहिल्या वेळी टाकीत पाणी भरतात, पुढे फक्त मीठ. सांडलेले मीठ पुसून लगेच यंत्र चालवावे, नाहीतर खाऱ्या पाण्याने आतले पोलाद खराब होते.

चौथी पांढऱ्या थराची. पुस्तिकेत मनाई नसेल तर दोन मोठे चमचे लिंबूफूल तळाशी टाकून, साबण न घालता, रिकामे यंत्र सर्वांत गरम पाण्यावर चालवावे. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. ब्लीच मात्र कधीही घालू नये. भांडी घासण्याचा नेहमीचा द्रवसाबणही नको. फेस होऊन पाणी बाहेर येते.

पाचवी दाराची. दाराचे रबर ओल्या फडक्याने पुसावे, त्याच्या घडीत बुरशी धरते. काम संपल्यावर दार थोडे उघडे ठेवावे, म्हणजे वास कोंडत नाही.

लोखंडी तवा, बिडाची कढई, ॲल्युमिनियमची पातेली, तांब्या-पितळेची भांडी आणि लाकडी लाटणे यांना यंत्रापासून दूर ठेवावे. ॲल्युमिनियम काळे पडते, लोखंड गंजते.

आमच्या हिशेबात यंत्राचा घसारा दरवर्षी लिहावाच लागतो. निगा न राखलेल्या यंत्राचा घसारा मात्र हप्ते फिटण्याआधीच पुरा होतो, आणि तो भरून काढते घरातली बाई. अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी 1886 साली अशा यंत्राचे पेटंट घेतले. नोकरांच्या हातून उंची बशांचे टवके उडत, म्हणून त्यांना ते सुचले असे सांगतात. तेथे चिंता बशांची होती. ताईच्या घरी यंत्र आले ते हातांसाठी. ते बंद पडले की काम निमूटपणे त्याच हातांकडे परत जाते.

म्हणून निघताना मी भाच्याला एकच विचारले, "यंत्र तू आणलेस, गाळणी कोण धुणार?" तो ओशाळला. आता दर रविवारी सकाळी गाळणी त्याने धुवायची, मीठ-साबण सूनबाईने आणायचे आणि महिन्याची सफाई दोघांनी मिळून करायची, असे ठरले आहे. ताईकडे कोणतेही काम नाही.

परवा तिचा फोन आला. म्हणाली, "पेले चकचकीत निघतात रे. पण रात्री जेवण झाल्यावर काय करावे, तेच कळत नाही." मी म्हटले, "ताई, काहीच करू नकोस. बस जरा."