मातीचा तास

शाळेच्या वेळापत्रकांत मातीकामास आठवड्यांतून एक तास द्यावा, अशी गोष्ट निघाली कीं पुष्कळ पालक विचारतात, “त्याचा उपयोग काय?” त्यांतले जे जरा उदार ते म्हणतात, “शिकवायचेंच तर पणत्या, कुंड्या शिकवा. बाया नि बैल घडवून पदरांत काय पडणार?” उपयोगाची वस्तु आधीं आणि मूर्ति मागाहून, असा क्रम या प्रश्नांत गृहीत धरलेला आहे. आमच्या मतें तो क्रमच उलटा आहे.

चेक देशांतील मोराव्हिया प्रांतांत दोल्नी व्हेस्तोनित्से या गांवाजवळ हिमयुगांतील शिकारी लोकांची वस्ती होती. १९२५ सालच्या जुलै महिन्यांत तेथील राखेच्या थरांत भाजलेल्या मातीची एक स्त्रीमूर्ति दोन तुकड्यांत सांपडली. उंची सुमारें ११ सेंटिमीटर. डोळ्यांच्या जागीं दोन तिरप्या चिरा. देह भरदार, कंबर रुंद. त्याच वस्तींत अस्वल, सिंह, मॅमथ यांच्या लहान आकृति व त्यांचे हजारों तुकडे मिळाले. कित्येक आकृति विस्तवांतच फुटलेल्या आहेत. ओल्या मातीला एकाएकीं आंच लागली कीं आंतल्या पाण्याची वाफ होऊन ती तडकते. या सर्वांचें वय २५,००० वर्षांहून अधिक आहे. आणि आजवर ठाऊक असलेलीं सर्वांत जुनीं मातीचीं भांडीं, चीन देशांतलीं, सुमारें २०,००० वर्षांपूर्वींचीं आहेत. मडक्याच्या कितीतरी आधीं मनुष्यानें स्त्री आणि रानांतलें जनावर मातींत घडवून भाजलें होतें. ती मूर्ति देवी होती कीं बाहुली, यावर विद्वानांनीं खुशाल वाद घालावा.

२००४ सालीं त्या मूर्तीची यंत्रानें बारीक तपासणी झाली. तिच्या पाठीवर, भाजण्यापूर्वीं उमटलेला, एका मुलाच्या बोटाचा ठसाही आढळला आहे. वय ७ ते १५ च्या दरम्यान. म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांचेंच! मूर्ति त्यानेंच घडविली असें आम्ही म्हणत नाहीं. पण माती ओली असतांना ती त्याच्या हातीं लागली होती, एवढें निश्चित.

आमच्या पुणें जिल्ह्यांतही घोड नदीच्या कांठीं, इनामगांव येथें, डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें. तेथें एका घराच्या जमिनीखालीं मातीची पेटी निघाली. आंत शिर नसलेली स्त्रीमूर्ति; बाहेर दुसरी स्त्री आणि एक बैल. माती कच्चीच, तरी तीन हजार वर्षें टिकली. आतां मात्र पोळ्याचा बैल आपण साच्यांतून काढलेला, रंगविलेला, बाजारांतून आणतों. स्वस्त पडतो खरा, पण त्यासाठीं बैलाकडे पाहावें लागत नाहीं.

चित्र एका बाजूनें पाहून काढतां येतें; मातीच्या मूर्तीला पाठही द्यावी लागते. आई घागर कमरेवर घेते तेव्हां तिचा कोणता खांदा खालीं जातो, हें रोज पाहणाऱ्या मुलालाही माती हातीं घेईपर्यंत सांगतां येत नाहीं. भूमितीच्या तासाला जी नजर लागते तीच येथें लागते, आणि येथें ती सजीव वस्तूवर ठरते.

भट्टी बांधण्याचा खर्च आम्ही मागत नाहीं. कुंभाराकडून आणलेली चार घमेलीं माती आणि एक तास पुरे. कपडे मळतात ही तक्रार मात्र खरी आहे. त्या दिवशीं मुलांना जुनेच कपडे घालून पाठवावें.