चामखीळ मानेवर, प्रश्न रक्तातला

बाईच्या मानेवर चामखिळी आल्या की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी घोड्याच्या शेपटीचा केस बांधायला सांगतं, कुणी चुना लावायला, कुणी पार्लर सुचवतं. मुलगी लग्नाची असेल तर घाई जास्तच. लग्न झालेली असेल तर ‘मंगळसूत्र घासत असेल’ म्हणून विषय मिटतो. ‘रक्तातली साखर तपासून घे’ असं मात्र क्वचितच कुणी म्हणतं. माझा आक्षेप आहे तो इथं.

आपण सरसकट चामखीळ म्हणतो, त्यांतल्या काही विषाणूमुळे येतात. मानेवर, काखेत, जांघेत देठाला लोंबणाऱ्या मऊ चामखिळी वेगळ्या. त्या कर्करोगाच्या नसतात, एकीच्या दुसरीला होत नाहीत. घासण्यानं त्या येतात, गरोदरपणात वाढतात, हे खरंच. पण लठ्ठपणा आणि मधुमेह यांच्याशीही त्यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की ते जास्त इन्सुलिन तयार करतं, आणि हे जादा इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला चेतवतं, असं मानलं जातं. मानेवरचा मखमली काळेपणाही बऱ्याचदा याच वाटेनं येतो. आणि आपण तो मळ समजून मुलींच्या माना घासत बसतो!

आणखी एक धागा आहे. पॉल एरलिख यांनी १८७८ मध्ये ज्यांना ‘मास्ट’ हे नाव दिलं, त्या रोगप्रतिकारक पेशी काही छोट्या अभ्यासांत अशा चामखिळींमध्ये जास्त आढळल्या. त्या कारण की परिणाम, याचा निकाल अजून लागलेला नाही. तेव्हा यावरून कुणी महागडं औषध विकू लागलं तर सावध राहावं.

एखादी चामखीळ म्हणजे मधुमेह नव्हे. पण त्या पुष्कळ असतील, कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर असेल, पाळी अनियमित असेल, गरोदरपणी साखर वाढली असेल किंवा आईवडिलांना मधुमेह असेल, तर उपाशीपोटी रक्त तपासून घ्यावं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे १३ कोटी ६० लाख भारतीय मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. या टप्प्यावर कळलं तर आहार आणि व्यायामानं पुष्कळ काही सावरता येतं.

मैत्रिणींनो, आपलं शरीर दुसऱ्यांना कसं दिसतं याची काळजी घरदार करतं. ते आतून कसं चाललं आहे, हे विचारायचा हक्क आपला आहे. चामखीळ काढायला घरातून पैसे निघतात, तर आधी तपासणीलाही निघाले पाहिजेत. तेवढं ठणकावून मागू या.