एका शब्दाचे अधःपतन

समाजमाध्यमांनी इंग्रजी भाषा बिघडवली, ही तक्रार आता जुनी झाली आहे. आणि ती फारशी खरीही नाही. 'ओएमजी' हे आजच्या तरुणांचे समजले जाणारे संक्षिप्त रूप लॉर्ड फिशर या ब्रिटिश नौदल सेनानीने १९१७ साली चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात आढळते. शब्द आखडले वा नवे आले म्हणून भाषा भ्रष्ट होत नाही. चिंतेची बाब निराळी आहे. शब्द आता आपल्या माणसांना मागे टाकून जगभर फिरू लागले आहेत. 'वोक' या शब्दाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक ठरेल.

'वोक' म्हणजे जागा, सावध. हा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीतला शब्द. १९३१ साली अलाबामा राज्यात नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर बलात्काराचा खोटा आरोप ठेवण्यात आला आणि त्यांपैकी आठ जणांना देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली. या प्रकरणावरील आपल्या गीताच्या १९३८ मधील ध्वनिमुद्रणात लेडबेली या लोकगायकाने आपल्या बांधवांना, त्या प्रदेशातून जाताना जागे राहा, असे बजावले. हा काही तात्त्विक उपदेश नव्हता. जीव वाचवण्यासाठी दिलेला इशारा होता. १९६२ साली विल्यम मेल्विन केली या लेखकाने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये या बोलीवर लेख लिहिला, तेव्हा हा शब्द शीर्षकातच होता. गोरा समाज कृष्णवर्णीयांचे शब्द कसा उचलतो, याची चर्चा त्याने तेव्हाच केली होती. मात्र त्या काळी अशा उचलेगिरीला वर्षे लागत.

२०१४ साली फर्ग्युसन येथे पोलिसाच्या गोळीने मायकेल ब्राऊन हा तरुण मारला गेला आणि 'जागे राहा' ही हाक ट्विटरवरून सर्वत्र पसरली. २०१७ मध्ये ऑक्सफर्ड कोशाने या शब्दाच्या नव्या अर्थाची दखल घेतली. पण तोवर त्याची फॅशनही झाली होती, आणि फॅशनमागोमाग टवाळी आली. समोरासमोरच्या बोलण्यात शब्दाबरोबर आवाज असतो, चेहरा असतो, ओळख असते. पडद्यावर यांतले काहीच उरत नाही. कळकळीने लिहिलेला शब्द आणि कुचेष्टेने लिहिलेला शब्द तेथे सारखेच दिसतात. मग ज्यांची संख्या मोठी, त्यांचा अर्थ रूढ होतो.

पुढे २०२२ साली फ्लोरिडा राज्याने शाळा व कचेऱ्यांतील वंशविषयक शिकवणुकीवर बंधने घालणारा कायदा केला. त्याचे प्रचलित नावच 'स्टॉप वोक' असे आहे. त्यातील काही तरतुदी न्यायालयांनी रोखल्या, हे खरे; परंतु अन्यायाविषयी सावध करणारा शब्द अन्यायाची चर्चा थांबवण्यासाठी वापरला गेला, ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही. ज्यांना या शब्दाची खरी गरज होती, त्यांच्याच हातून तो गेला.

आपल्याकडील वादांतही हा शब्द हल्ली शिवीसारखा फेकला जातो. 'पुरोगामी'चे 'फुरोगामी' करणारी वृत्तीही याच जातीची. शब्दाची टवाळी केली की त्यामागील प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी टळते. भाषेवर पहारे बसवून हे थांबणार नाही. मात्र एखादा शब्द उचलण्यापूर्वी तो मूळ कोणाच्या तोंडी होता आणि त्यांना तो का लागला, एवढे विचारण्याची सवय शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जरूर लावावी. व्याकरणाइतकाच तोही भाषाशिक्षणाचा भाग आहे.